मांडीवरचे हात

मला तिचा मत्सर वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे वाचताना कुणी माझ्याबद्दल उगाच बरं मत करून घ्यायचं.

ती म्हणजे माझी जोडीदारीण. आम्ही दोघी खुणांच्या भाषेच्या दुभाष्या. सभा, कोर्ट, दवाखाना, कॉलेजचा समारंभ, जिथे कुणीतरी तोंडाने बोलतं आणि समोर ऐकू न येणारी माणसं बसलेली असतात, तिथे बाजूला उभं राहून ते सगळं हातांनी सांगायचं, हे आमचं काम. आणि उलटंही करायचं, म्हणजे त्यांच्या हातांचं बोलणं आपल्या तोंडाने बोलायचं. तेव्हा 'तो असं म्हणतोय' असं म्हणायची पद्धत नाही. तो 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. त्यामुळे मी आजवर डॉक्टरांपुढे 'दाढी केली की मला पुरळ येतं' असं गंभीर चेहऱ्याने सांगितलेलं आहे.

दाढी अर्थातच माझ्या धाकट्या भावाची. कागदावर त्याला कर्णबधिर म्हणतात. घरात आम्ही सरळ बहिरा म्हणतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. तो जन्मला तेव्हा मी सहा वर्षांची होते. आईचे हात कामात अडकलेले, वडिलांना चारचौघांत हातवारे करायची लाज वाटायची, तेव्हा तो माझ्याच वाट्याला आला. दुकानदार, मास्तर, कंडक्टर, बँकेतला साहेब, सगळ्यांशी तो माझ्या तोंडून बोलला. आईवडील गेले, माझं लग्न राहून गेलं, त्याचंही. आता दोन खोल्यांत आम्ही दोघंच. अडतिसाव्या वर्षी मी रीतसर परीक्षा देऊन दुभाषी झाले, पण खरं तर मी सहाव्या वर्षापासून नोकरीत आहे.

आणि ही सव्वीस वर्षांची. हिच्या सात पिढ्यांत कुणी बहिरं नाही. कॉलेजात एक कोर्स दिसला, आवडला, करून टाकला. मी भाऊ वाढवता वाढवता जी भाषा शिकले, ती हिने फी भरून घेतली.

बहिरी माणसं एकमेकांना नावांनी ओळखत नाहीत. प्रत्येकाला एक खूण देतात, आणि ती बहिऱ्यानेच द्यायची असते. आपली आपण घेता येत नाही. माझी खूण वेणी. मानेमागून खांद्यावर मूठ ओढायची, की झाले मी. धाकट्याने ती मला दिली तेव्हा तो चार वर्षांचा होता. केस कापून वीस वर्षं झाली, पण त्यांच्या जगात माझी वेणी अजून शाबूत आहे. हिची खूण खळी. गालावर बोट टेकवून जरासं फिरवायचं. मला माझी खूण मिळायला चार वर्षं लागली होती. हिला चार महिन्यांत मिळाली, आणि तीही धाकट्याकडूनच.

ती कामात कच्ची असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. कच्च्या मुलींना मी फार प्रेमाने शिकवते. पण ती चांगली होती. माझे हात निरोप पोचवतात, तिचे हात गप्पा मारतात. कुठल्याही कार्यक्रमानंतर बहिऱ्यांचा घोळका तिच्याभोवती, आणि मी बाजूला दोघींच्या पिशव्या सांभाळत उभी. धाकटा तिच्याशी बोलताना हसायचा. बहिऱ्या माणसाला आपलं हसणं ऐकू येत नाही, त्यामुळे ते मोकळं आणि जरा बेढब असतं. ते हसणं मी घरात शेवटचं कधी ऐकलं, हे आठवायला मला बसावं लागलं असतं.

मग एके दिवशी सकाळी त्याने चहा मागितला आणि वेगळीच खूण केली. आमची चहाची खूण आमची होती. लहानपणी तो बशी दोन्ही हातांनी धरून फुंकायचा, तीच खूण झाली. आता त्याने तिच्या कोर्समधली केली, चहाची पिशवी कपात बुडवल्यासारखी. मी समजले नसल्यासारखं केलं. त्याने पुन्हा तीच केली. मी चहा दिला, पण जरा आदळूनच. आपल्याच स्वयंपाकघरात कुणीतरी येऊन डबे इकडचे तिकडे करून गेल्यासारखं मला वाटलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण धाकटा बहिऱ्या मुलांच्या शाळेत सुतारकाम शिकवतो, आणि त्या शाळेचे मुख्याध्यापक यंदा निवृत्त होणार होते. आजवर त्या खुर्चीवर ऐकू येणारं माणूसच बसलं. धाकट्याने अर्ज करायचं ठरवलं. पुढच्या आठवड्यात मुलाखत होती, आणि मुलाखतीत त्याचं बोलणं बोलून दाखवायला एक दुभाषी लागणार होती. तिचं नाव अर्जातच लिहायचं होतं. अर्ज आठ दिवस टेबलावर पडून होता. वय, शिक्षण, अनुभव, सगळं त्याने सुवाच्य अक्षरात भरलं होतं, फक्त तेवढी ओळ कोरी. मी रोज टेबल पुसताना अर्ज उचलायचे, बघायचे, पुन्हा ठेवायचे. विचारलं मात्र नाही. चाळीस वर्षांत जे विचारावं लागलं नाही ते आता काय म्हणून विचारायचं?

अशा मनःस्थितीत ती रविवारची प्रचारसभा आली.

मैदानाच्या एका टोकाला लोखंडी मंच होता आणि मागे फलक. फलकावरचा उमेदवाराचा चेहरा इतका मोठा की त्याच्या एका नाकपुडीत मी आरामात मावले असते. मंचाच्या डाव्या बाजूला आमचा लाकडी पाट, आणि पाटासमोर दोरी बांधून बहिऱ्यांसाठी ऐंशी खुर्च्या ठेवलेल्या. मतं त्यांनाही असतात हे यंदा कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

आमच्या कामात वीस मिनिटांनी पाळी बदलते, कारण त्याहून जास्त वेळ डोकं आणि हात बरोबर चालत नाहीत. एक पाटावर उभी राहते, दुसरी समोर आधाराच्या खुर्चीत बसते. या खुर्चीचं काम बाहेरच्यांना दिसत नाही, म्हणून जरा समजावून सांगते. कर्ण्यांची तोंडं लोकांकडे असतात. पाटावरच्या दुभाषीला मागून नुसता घुमारा ऐकू येतो. वाक्य निसटलं की ती आधारवालीकडे बघते, आणि आधारवाली मांडीजवळच, छोट्या खुणांनी ते देते. काही निसटलेलं नसेल तर आधारवालीचे हात मांडीवर स्थिर. मांडीवर स्थिर हातांचा अर्थ ठरलेला आहे. काही राहिलेलं नाही, पुढे चल. या एका गोष्टीवर आमचा सगळा धंदा उभा आहे, कारण पाटावर उभं राहून शंका घेत बसायला वेळ नसतो.

पाळ्यांचा क्रम मी ठरवला होता, ज्येष्ठ म्हणून. पहिली वीस मिनिटं स्वागत आणि प्रास्ताविक, ती मी उदारपणे खळीला दिली. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे त्यानंतर उमेदवार होते, ते मी ठेवून घेतले. धाकटा पहिल्या रांगेत बसणार होता आणि त्याने मला उमेदवाराच्या भाषणात बघावं, एवढीच माझी इच्छा होती. माझी पाळी आली तेव्हा कळलं की उमेदवारांची गाडी कुठेतरी अडकली आहे. मध्ये वेळ काढायला एका माजी नगरसेवकांना उभं केलं. त्यांनी वीस मिनिटं गटारांवर भाषण केलं. झाकणं, खोली, उतार. मी जीव ओतून गटारं सांगितली. धाकट्याने बहुतेक वेळ मोबाइल बघितला. माझ्या पाळीचं शेवटचं मिनिट संपलं, खळी पाटावर चढली, आणि तेवढ्यात मैदान उठून उभं राहिलं. उमेदवार आले होते.

मी आधाराच्या खुर्चीत येऊन बसले. खुर्ची पहिल्या रांगेच्या जरा पुढे, तिरपी. उजवीकडे हातभर अंतरावर धाकटा होता. त्याने मोबाइल खिशात ठेवला.

उमेदवार बोलायला तरबेज होते. विनोद करायचे, थांबायचे, आवाज खाली आणायचे. खळीने ते जसंच्या तसं उचललं. त्यांची मान डोलवायची लकबसुद्धा घेतली. ऐंशी बहिरी माणसं इतर दोन हजारांच्या बरोबरीने हसली, मागून नाही, बरोबरीने. हे किती अवघड असतं ते मलाच माहीत. धाकटा मांडीवर थापा मारून हसत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, पण ते हसणं माझ्या उजव्या कानात शिरत होतं, आणि माझा नुसता जळफळाट होत होता. मनात म्हटलं, हिचं एकदा तरी चुकू दे. एकदा तरी त्याच्या डोळ्यांदेखत तोंडघशी पडू दे.

उमेदवार म्हणाले, "आणि बहिऱ्या मुलांच्या शाळेचाही आम्ही विचार केला आहे."

खळीने ते सांगितलं. आमच्या खुर्च्या ताठ झाल्या. त्याच वेळी मैदानाच्या मागच्या बाजूने मोटारसायकलवाल्या कार्यकर्त्यांची झुंड आत शिरली आणि घोषणांचा एकच गदारोळ उठला. उमेदवार थांबले नाहीत. माझ्या डोक्यावरच खांबाला कर्णा बांधलेला होता, मला शब्द न् शब्द ऐकू आला. ते म्हणाले, पुढच्या वर्षापासून ती शाळा बंद होईल, मुलं आपापल्या घराजवळच्या नेहमीच्या शाळेत चारचौघांबरोबर शिकतील, आणि बाजारात गाड्या लावायला जागा नाही ही तुमची जुनी तक्रार कायमची मिटेल. मग घोषणा ओसरल्या, आणि पुढचं वाक्य पाटावरही स्वच्छ ऐकू गेलं.

"त्या जागेवर तीन मजली नवी इमारत उभी राहील."

खळीचे हात हवेत थांबले. मधलं निसटलंय हे तिला जाणवलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं.

दोनतीन सेकंद असतील. शाळेचा विचार माझ्या मनात आलाच नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आला. पण तो दुसरा आला. पहिला विचार असा आला की आता कळू दे सगळ्यांना. आणि पहिल्या विचारात ते दोनतीन सेकंद गेले. माझे हात मांडीवर होते, ते मांडीवरच राहिले.

खळीने विश्वास ठेवला. तिने सांगितलं, बहिऱ्या मुलांच्या शाळेचा आम्ही विचार केला आहे, त्या जागेवर तीन मजली नवी इमारत उभी राहील. तिच्या चेहऱ्यावर त्या इमारतीचे तिन्ही मजले दिसत होते.

बहिऱ्यांची टाळी आवाजाची नसते. दोन्ही हात डोक्यावर उचलून पंजे हलवायचे. ऐंशी माणसांचे हात एकदम वर गेले. धाकटा उठून उभा राहिला. सुतारकामाने तासलेले ते मोठे पंजे त्याने जितके वर नेता येतील तितके नेले आणि हलवत राहिला. त्याच्या वर्गाचं छत गळतं, लाकडं भिजतात, नव्या इमारतीसाठी तो नऊ वर्षं अर्ज लिहीत होता. ते अर्ज मीच वाचून दाखवले होते, दर वेळी नव्या साहेबाला. मंचावरून उमेदवारांना ते हातांचं रान दिसलं आणि ते चकितच झाले. त्यांनी बोट दाखवून म्हटलं, बघा, ज्यांची शाळा आहे तेच आनंदाने हात वर करताहेत, आता आणखी कुणाला काय शंका आहे? दोन हजार लोकांनी कडकडाट केला. कॅमेरेवाला आमच्याकडे वळला.

पाळी बदलायला अजून आठ मिनिटं होती. ती आठ मिनिटं मी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. तेव्हासुद्धा हात उचलता आले असते. पण आता उचलले असते तर आधी का उचलले नाहीत, हा प्रश्न आला असता.

पाटावर चढल्यावर मी उमेदवारांचं भाषण सोडून दिलं आणि आधी दुरुस्ती केली. मघाशी एक वाक्य राहिलं, शाळा बंद होणार आहे, इमारत गाड्यांसाठी आहे. चूक झाली की 'दुभाषी चुकली' एवढंच सांगायचं असतं. कोणती ते सांगत नाहीत, कारण पाटावर दोघी मिळून एकच असतात. मी 'दुभाषी चुकली' म्हटलं, आणि माझं बोट खाली आधाराच्या खुर्चीतल्या खळीकडे गेलं. ते आपोआप गेलं असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगितलं.

खाली हालचाल थांबली. काहींना वाटलं ते चुकीचं समजले, त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. मग हळूहळू माना वळल्या, माझ्याकडे नाही, खळीकडे. धाकटा मात्र वळला नाही. तो माझ्याकडेच बघत होता, भाषण संपेपर्यंत. मी एवढ्या दिवसांत जे मागत होते ते मला मिळालं, आणि मला ते सोसवेना.

सभा संपल्यावर माणसं दोरी ओलांडून खळीवर आली. त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्याने, शिंपीकाका म्हणतो आम्ही त्यांना, तिच्या तोंडासमोर हात नाचवून विचारलं की असल्या अर्धवट कामासाठी तू आमच्यात आलीस का. तिने कुठलीही सबब सांगितली नाही. माझी चूक, माझी चूक, एवढंच करत राहिली, छातीवर मूठ फिरवत. गर्दी जरा हटल्यावर ती माझ्याजवळ आली. डोळे लाल झाले होते.

"ताई, मला पुढचं खरंच नाही ऐकू आलं. तुमच्याकडे बघितलं, तुमचे हात शांत होते, म्हणून मी पुढे गेले. तुम्हालाही नाही ना आलं?"

"त्या गोंगाटात कुणाला ऐकू येणार?" मी म्हणाले. "मला नंतर शेजारच्या बातमीदाराने सांगितलं."

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि उलट माझाच हात दाबून तिने मला धीर दिला.

धाकटा दोन पावलांवर उभा होता. ओठ त्याला थोडेफार वाचता येतात, माझे तर पुरतेच. शिंपीकाका त्याला सांगत होते की उमेदवार मंचामागच्या तंबूत चहा घेताहेत, आत्ताच गाठलं पाहिजे. बोलायचं धाकट्याने, हे न सांगताच ठरलं. मी पिशवी खांद्याला लावली, पदर सारखा केला आणि घसा साफ केला. आता तरी त्याला माझी गरज होती. असलं बोलणं कोर्सवाल्यांचं काम नाही, इथे शाळेची सगळी कुंडली माहीत असलेलं माणूस पाहिजे.

धाकट्याने माझ्या शेजारून हात लांबवून खळीच्या खांद्यावर टिचकी मारली. तू चल, म्हणाला. ती घाबरून मला दाखवू लागली, ताईच बरी म्हणून. त्याने मान हलवली आणि पुन्हा तेच म्हटलं. मग माझ्याकडे न बघताच बोटाने सांगितलं की तूही ये, आधाराला.

तंबूत पंखा होता, प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि उमेदवार जवळून पाहिले तर थकलेले, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी उठून धाकट्याला खुर्ची दिली. खळी त्यांच्या शेजारी, धाकट्याच्या समोर बसली. मी तिच्यासमोर, जरा बाजूला. धाकट्याने सुरुवात केली आणि खळीने त्याचा आवाज लावला. मला मान्य केलं पाहिजे, तो आवाज त्याला शोभत होता. मी त्याचं बोलत असे तेव्हा नेहमी जरा अजिजीने बोलायची सवय मला लागली होती. ती अजिजी न करता बोलली. त्याच्या हातांत अजिजी नव्हतीच, हे मला त्या दिवशी कळलं.

तो म्हणाला, आमच्या मुलांना नेहमीच्या शाळेत पाठवाल तर ती वर्गात नुसती बसतील, तिथे त्यांची भाषा कुणाला येत नाही. उमेदवारांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, तुमचं बरोबर असेल. पण तासापूर्वी तुम्हीच हात वर केलेत. आत्तापर्यंत ते सगळीकडे पसरलंही असेल. आता मी काय सांगू लोकांना?"

त्यांच्या चिटणीसाने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर धाकटा दोन्ही हात वर करून हसत होता.

धाकट्याने ते पूर्ण बघितलं. मग म्हणाला, आम्हाला अर्धंच सांगितलं गेलं. मधलं आमच्यापर्यंत आलं नाही.

"त्याला माझा इलाज नाही," उमेदवार म्हणाले. "एवढ्या गर्दीत तुमच्या दुभाष्यांना ऐकू आलं नसेल, तर तो काही कुणाचा दोष नव्हे. होतं असं."

खळीने ते मान खाली घालून धाकट्याला सांगितलं. मग त्याचे हात उठले. तो सावकाश बोलला, एकेक खूण सुटी करून, जशी तो पहिलीतल्या मुलांसाठी करतो.

"ऐकू आलं होतं," खळी त्याच्या वतीने म्हणाली. आणि थांबली.

त्याने पुढचं केलेलं होतं. तिने बघितलंही होतं. पण आपण बघितलं ते बरोबर बघितलं का, याची तिला खात्री वाटेना. अशा वेळी दुभाषी जे करते तेच तिने केलं. माझ्याकडे बघितलं.

धाकटाही माझ्याकडे बघू लागला. तंबूत सगळे वाट बघत होते. माझे हात मांडीवर होते. ते तसेच ठेवले असते तर ती पुढे गेली असती, दुसरं काहीतरी बोलली असती, आणि ते वाक्य तिथेच मेलं असतं.

"माझ्या बहिणीला ऐकू आलं होतं," मी त्याच्या वतीने म्हणाले. "शाळेचं ऐकताना तिचा चेहरा उतरला, ते मी शेजारून पाहिलं. मग तिचे हात हलायची वाट पाहिली. ते हलले नाहीत. तेव्हा वाटलं, चेहऱ्यावरचं काहीतरी दुसरंच असेल, म्हणून मी उठून हात वर केले."

माझा आवाज कापला नाही. चाळीस वर्षांची सवय.

उमेदवारांनी खळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना कुणाचं बोलणं कोण बोलतंय याचा उलगडा होईना. त्यांनी विचारलं, "म्हणजे कोण बहीण? कुठे आहे ती?"

खळी रडत होती, तिचे हात तिच्या तोंडावर होते. प्रश्न धाकट्यापर्यंत पोचवणं आता माझं काम होतं. मी हात उचलले आणि त्याला विचारलं, कोण बहीण, कुठे आहे ती.

त्याने माझा प्रश्न पूर्ण होईपर्यंत बघितला. मग तो माझ्यावरून नजर काढून खळीकडे वळला, तिने डोळे पुसेपर्यंत थांबला, आणि उत्तर तिला दिलं.

"तिचं सोडा," खळी म्हणाली. तिचा आवाज आधी ओला होता, मग सरळ झाला. "आपण शाळेचं बोलू."

उमेदवारांनी खुर्ची पुढे ओढली. बोलणं पुढे पंचवीस मिनिटं चाललं, म्हणजे पाळी बदलायची वेळ होऊन गेली तरी. मी समोरच बसले होते. तेवढ्या वेळात खळीने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.